न आलेल्या चिठ्ठ्यांचे देणे

जर्मन सरकारने पंचाहत्तर फेनिगचे नाणे कधी पाडले नव्हते. शंभर फेनिगांचा एक मार्क. त्याचे एक, दोन, पाच, दहा, पंचवीस, पन्नास असे भाग नाण्यांत होते, पण पाऊण मार्क नव्हता. तरीही माझ्या संग्रहातल्या जर्मन नोटांपैकी बऱ्याच नोटा नेमक्या पाऊण मार्काच्या आहेत. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला असा आकडा दिसला की तो थबकतो. बाजारात ज्या रकमेचे नाणे नाही, त्या रकमेची नोट कुणी आणि कशासाठी काढली असेल? या प्रश्नाच्या मागे जाता जाता मी शेवटी आमच्याच दुकानाच्या वहीतल्या एका लहानशा खात्यापाशी येऊन पोहोचलो. त्याची हकीकत सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

या नोटांना जर्मन भाषेत 'नोटगेल्ड' म्हणतात. आपल्याकडचा शब्द वापरायचा तर 'अडीनडीचा पैसा'. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने नोटेच्या बदल्यात सोने देणे थांबवले. लोकांनी चांदीची नाणी घरात दडवली. पुढे युद्धसामग्रीसाठी तांबे आणि निकेल हवे झाले, म्हणून त्या धातूंची चिल्लरही सरकारने परत ओढून घेतली. त्यांच्या जागी लोखंड, जस्त आणि ॲल्युमिनियम यांची नाणी आली, पण ती पुरेनात. पावाच्या दुकानात, ट्रामच्या तिकिटाला, कामगारांच्या आठवड्याच्या पगाराला सुटे पैसे मिळेनात. मग गावोगावच्या नगरपालिकांनी, बचत बँकांनी, कारखानदारांनी आपापल्या नावाचे कागदी तुकडे छापले. 'हा कागद आमच्या तिजोरीत आणून द्या, आम्ही इतके फेनिग देऊ' असा त्यांचा मजकूर. कागदाला स्वतःची किंमत नव्हती. किंमत होती ती खाली सही करणाऱ्या गावाच्या शब्दाला.

आरंभी हे कागद साधेच होते. युद्ध संपल्यावर मात्र त्यांवर चित्रे अवतरली. गावातली जुनी वेस, चर्चचा मनोरा, स्थानिक दंतकथा, कवी, संत, हस्तव्यवसाय असे जे जे गावाला अभिमानाचे वाटे, ते त्या तळहाताएवढ्या कागदावर रंगीत छापले जाऊ लागले. बीलेफेल्ड हे कापडाच्या धंद्याचे शहर. तिथल्या बचत बँकेने रेशमावर, लिननवर आणि मखमलीवर नोटा छापल्या, काहींना लेसची किनारही लावली. माइसेनच्या प्रसिद्ध कारखान्याने १९२० च्या सुमारास चिनी मातीची नाणी पाडली. ओस्टरव्हीक गावी कातड्यावर नोटा निघाल्या. तो प्रकार मी माझ्या संग्रहात ठेवलेला नाही. १९२० ते १९२२ या तीन वर्षांत या चित्रनोटांना असा बहर आला की संग्राहकांची एक मोठी पेठच उभी राहिली. एकेका गावाने सहा-सहा, दहा-दहा नोटांचे संच काढले, प्रत्येक नोटेवर कथेचा पुढचा भाग. संच पुरा करायचा तर सगळ्या नोटा विकत घेणे आले.

पाऊण मार्काचे कोडे इथे उलगडते. ती नोट भाजीबाजारात चालवण्यासाठी छापलेलीच नव्हती. संग्राहकाच्या वहीत जाऊन बसण्यासाठी ती छापली होती, आणि पन्नासापेक्षा पंचाहत्तरात गावाचा लाभ अधिक. हिशेब सरळ आहे. छपाईला खर्च थोडका. संग्राहक पाऊण मार्क रोख मोजून नोट नेतो. ती तो परत आणत नाही, कारण त्याला चित्र हवे आहे. न परतलेली प्रत्येक नोट म्हणजे नगरपालिकेच्या खात्यात निव्वळ जमा. काही ठिकाणी तर नोट हाती पडेपर्यंत तिच्यावर छापलेली परतफेडीची मुदतही उलटून गेलेली असे. वचन छापायचे, विकायचे, आणि ते पाळण्याची वेळच येऊ नये अशी व्यवस्था करायची, असा तो व्यवहार झाला होता. अखेर जुलै १९२२ मध्ये जर्मन सरकारने कायदा करून अशा नोटा काढण्यास बंदी घातली.

माझ्या संग्रहात हामेल्न गावाची नोट आहे. तिच्यावर उंदरांना भुलवून नेणारा बासरीवाला आहे. ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचलेली असते. गावकऱ्यांनी ठरलेली बिदागी बुडवली, म्हणून बासरीवाल्याने उंदरांच्या मागोमाग गावची मुलेही नेली. दिलेला शब्द मोडणाऱ्या गावाची कथा, आणि ती छापली आहे 'मागाल तेव्हा पैसे देऊ' असा शब्द देणाऱ्या कागदावर! छापणाऱ्यांच्या हे ध्यानात आले होते की नाही, कोण जाणे. मला मात्र ती नोट हाती घेतली की दरवेळी ते जाणवते.

संग्रहाचा छंद मला १९९० च्या आसपास जडला. नागपूरच्या एका नाणे-तिकीट प्रदर्शनात जुन्या पाकिटांच्या ढिगात या नोटांचे एक पुडके मिळाले. आजही साध्या चित्रनोटा महाग नाहीत. त्या इतक्या छापल्या गेल्या आणि इतक्या जपून ठेवल्या गेल्या की शंभर वर्षांनंतरही कोऱ्या करकरीत सापडतात. घरात या छंदाबद्दल गोड तक्रार असते. सौभाग्यवती म्हणतात, "हाही परिग्रहच की!" त्यांचे म्हणणे खरे आहे, म्हणून मी परिमाण ठरवून घेतले आहे. एकच वही, तिची पाने ठरलेली. नवी नोट आली की जुनी एक कुणा होतकरू मुलाला द्यायची. या नियमामुळे नोटा वाढल्या नाहीत, पण प्रत्येक नोटेविषयीची माहिती वाढली.

आता आपल्या देशाकडे वळू. अडीनडीचा पैसा केवळ जर्मनीतच निघाला असे नाही. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडेही चिल्लरीचा दुष्काळ पडला होता. १९४० साली सरकारने चांदीच्या रुपयाऐवजी एक रुपयाची कागदी नोट पुन्हा आणली. गरजेपेक्षा अधिक नाणी साठवणे हा गुन्हा ठरवला गेला. तांबे वाचवण्यासाठी १९४३ पासून मधे भोक असलेला पैसा आला; वयोवृद्ध वाचकांच्या लहानपणी तो करगोट्यात ओवलेला असे. तरीही सुटे पैसे पुरेनात, तेव्हा काठेवाड-राजपुतान्यातील अनेक संस्थानांनी जाड कागदाची लहान लहान रोख कुपने काढली. मोरवी, नवानगर, जुनागढ, गोंडल, राजकोट, बिकानेर, बुंदी ही त्यांतली काही नावे. शत्रुंजयाच्या यात्रेमुळे आपल्या घराघरांत ज्याचे नाव रोज घेतले जाते, त्या पालीतान्याच्या संस्थानानेही अशी कुपने काढली होती.

आमचे कुटुंब मूळचे त्याच मुलखातले. आजोबांना आम्ही 'दादा' म्हणत असू. ते तरुणपणी वैनगंगेच्या काठी वडशाला येऊन राहिले. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता; तो १९८२ साली झाला. सारा मुलूख चांदा जिल्ह्यातच मोडे. गोंदियाहून चांद्याला जाणाऱ्या छोट्या रेल्वेने मीठ, कापड, गूळ, रॉकेल येई आणि इथून धान, हिरडा, चारोळी, डिंक जाई. आठवडी बाजाराला कुरखेडा-कोरचीकडच्या रानातून गोंड मंडळी पायी येत. डोक्यावरची टोपली दुकानी रिकामी करायची, आणि त्या पैशांत मीठ व लुगडे घेऊन सूर्य मावळायच्या आत परतीची वाट धरायची, असा त्यांचा क्रम. त्यांचे देणे-घेणे पैशा-आण्यांचेच असे. चिल्लर नाही म्हणजे त्यांचा बाजारच अडला. रुपया मोडता येत नाही म्हणून 'उरलेल्याचेही मीठच घे' असे सांगणारे दुकानदार तेव्हा होते. आज सुट्ट्या पैशांऐवजी गोळ्या हातावर ठेवणारे आहेत, तसेच.

पालीतान्याजवळच्या गावाहून दादांच्या धाकट्या भावाने पत्रासोबत तिथली दोन कुपने पाहण्यासाठी पाठवली होती. त्यावरून दादांनी एक युक्ती काढली. चहाच्या खोक्याचा जाड पुठ्ठा कापून चिठ्ठ्या केल्या. गिऱ्हाईक निरक्षर, अक्षर लिहून उपयोग नाही. म्हणून सुताराकडून तीन लाकडी ठसे कोरून घेतले. मोहाचे फूल म्हणजे एक पैसा, तेंदूचे पान म्हणजे अर्धा आणा, धानाची लोंबी म्हणजे एक आणा. मागे दादांची सही आणि तिथी. मागताक्षणी वाहकाला पैसे देण्याची हुंडी खाजगी माणसाने काढू नये, असा १९३४ च्या रिझर्व्ह बँकेच्या कायद्याचा दंडक होता, हे दादांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी चिठ्ठीला पैसा म्हटले नाही. आमच्या दुकानी तुमची एवढी रक्कम जमा आहे, याची ती खूण होती. पुढच्या बाजारी चिठ्ठी दाखवा आणि माल न्या. त्यांतल्या तीन चिठ्ठ्या माझ्या जर्मन नोटांच्या वहीत पहिल्या पानावर आहेत. बीलेफेल्डच्या रेशमी नोटेपुढे त्या अगदीच ओबडधोबड दिसतात.

चिठ्ठ्या दिल्या त्या दिवशीच दादांनी वहीत नवे खाते घातले, 'चिठ्ठी खाते'. जेवढ्या रकमेच्या चिठ्ठ्या बाहेर गेल्या, तेवढी रक्कम त्या खात्यावर जमा. चिठ्ठी परत आली की नावे. खात्याची बाकी म्हणजे आमचे देणे. युद्ध संपून चिल्लर पुन्हा खेळू लागली, तेव्हा दादांनी तीन बाजार ओळीने दवंडी पिटवली, "शेटजीच्या चिठ्ठ्या असतील त्यांनी आणून द्याव्या." बहुतेक चिठ्ठ्या आल्या. काही आल्या नाहीत. कुणाच्या पावसात भिजून गेल्या असतील, कुणी गाव सोडले असेल, कुणी देह ठेवला असेल. १९४७ च्या दिवाळीला चिठ्ठी खात्याची बाकी होती १४ रुपये ३ आणे.

ती बाकी दादांनी नफ्यात घेतली नाही. दर दिवाळीला वहीपूजन झाले की नव्या वहीत ती पुढे ओढली. दादांनंतर बापूजींनीही तेच केले. मधल्या वर्षांत तुरळक चिठ्ठ्या येत राहिल्या. १९५७ साली दशमान पद्धत आली तेव्हा खात्यात ११ रुपये ७ आणे उरले होते; सरकारी कोष्टकाप्रमाणे त्याचे ११ रुपये ४४ नवे पैसे झाले. त्यानंतर काही वर्षांनी कोरचीकडच्या एका म्हाताऱ्या बाईने बांबूच्या नळकांड्यातून नऊ लोंब्यांच्या चिठ्ठ्या आणल्या. तिच्या सासूने त्या जपून ठेवल्या होत्या. बापूजींनी कोष्टक पाहून ५६ पैसे खात्याला नावे टाकले. तिच्या पदरात मात्र किती मीठ घातले, ते वहीत नाही. शेजारी उभा असलेला मी ते पाहत होतो; ते मीठ छप्पन पैशांच्या मिठाहून खूप जास्त होते. बाकी राहिली १० रुपये ८८ पैसे. त्यानंतर एकही चिठ्ठी आलेली नाही.

आमच्या पेढीचे हिशेब वहीतून संगणकावर नेण्याचे काम मुलाने केले. तो सनदी लेखापाल आहे. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा त्याने सारी जुनी खाती तपासून काढली आणि या खात्यापाशी थांबला. म्हणाला, "पप्पा, दहा रुपये अठ्ठ्याऐंशी पैसे. सत्तर वर्षे. घेणेकरी कोण ते माहीत नाही. मुदतीच्या कायद्याने अशा येण्यावर तीन वर्षांनंतर दावा चालत नाही. ही रक्कम उत्पन्नात वर्ग करून खाते बंद करू या." त्याच्या शास्त्राप्रमाणे तो बरोबरच बोलत होता. मोठमोठ्या कंपन्याही न वापरलेल्या भेट-कुपनांची रक्कम कालांतराने उत्पन्नात घेतात, आणि लेखाशास्त्राला ते मान्य आहे.

मी त्याच्यासमोर जर्मन नोटांची वही उघडली. हामेल्न, बीलेफेल्ड आणि इतर कितीतरी गावे त्याला दाखवली. म्हटले, "या सर्व गावांनी तू म्हणतोस तेच केले. न आलेली चिठ्ठी नफ्यात घेतली. आपल्या वहीत तीच चिठ्ठी सत्तर वर्षे देणे म्हणून उभी आहे. कागद सारखाच, तो कोणत्या बाजूला लिहायचा, एवढाच फरक." मुलगा हुशार आहे. तो म्हणाला, "ठीक आहे, देणे ठेवू. पण उद्या कुणी एक आण्याची चिठ्ठी घेऊन आले, तर त्याला सहा पैसे देणार? सहा पैशांचे नाणे तरी आहे का आज?" हा प्रश्न मात्र मोठा अवघड होता. खाते जिवंत ठेवून देताना सहा पैसे द्यायचे, तर खाते बंद केल्यासारखेच झाले.

त्याचे उत्तर मला त्याच वहीच्या शेवटच्या पानांत सापडले. तिथे १९२३ च्या नोटा आहेत. त्या वर्षी जर्मन मार्क इतका कोसळला की बंदी विसरून गावांना पुन्हा आपल्या नोटा छापाव्या लागल्या. या वेळी चित्रांना वेळ नव्हता, नुसती शून्ये वाढत होती. वायमारच्या बाउहाउस कलाशाळेत शिकणाऱ्या हर्बर्ट बायर या तेवीस वर्षांच्या तरुणाने थ्युरिंगिया राज्यासाठी दहा लाख आणि वीस लाख मार्कांच्या नोटा रेखल्या. त्या निघाल्या तोवर तेवढ्याही नोटा अपुऱ्या पडू लागल्या होत्या. युद्धापूर्वी एका डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी पडू लागले. बर्लिनमध्ये एका पावाला सुमारे वीस हजार कोटी मार्क मोजावे लागत. जन्मभर बचत केलेल्यांच्या ठेवी मातीमोल झाल्या. ज्यांनी घर-जमीन गहाण ठेवून कर्जे घेतली होती, त्यांनी मूठभर रद्दी नोटा सावकारापुढे टाकून 'फेडले' म्हणून सांगितले. आकडा जुळत होता. कायद्याने मार्क म्हणजे मार्कच होता.

१५ नोव्हेंबर १९२३ रोजी रेंटनमार्क हे नवे चलन आले. एका रेंटनमार्कला जुने एक लाख कोटी मार्क. त्यानंतर दोनच आठवड्यांत, २८ नोव्हेंबरला, जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने गहाणाच्या एका खटल्यात निकाल दिला, की कवडीमोल कागद देऊन जुने कर्ज फिटले असे मानता येणार नाही. आधार घेतला तो त्यांच्या दिवाणी संहितेतल्या एका कलमाचा. व्यवहार सचोटीने व परस्पर विश्वासाला धरून पार पाडावा, असे ते कलम सांगते. पुढे १९२५ च्या कायद्याने अशा गहाण-कर्जांचे मूळ सोनेरी किमतीच्या पंचवीस टक्के असे पुनर्मूल्यांकन ठरवले. शंभरातले पंचवीसच, पण शून्य नव्हे. ज्या देशातल्या गावांनी न परतलेल्या नोटा नफ्यात धरल्या, त्याच देशाच्या न्यायासनाने तीन वर्षांच्या आत सांगितले, की आकडा फिटला म्हणजे देणे फिटले असे होत नाही. ही गोष्ट कळल्यापासून मला जर्मन गावांविषयी अढी उरलेली नाही. अडचण आली की माणसे पळवाट शोधतात. पुढे त्यांतलीच काही माणसे ती बुजवतात.

आपल्याकडेही ही समज कायद्यात आहे. बँकेत दहा वर्षे कुणी न विचारलेली ठेव २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका स्वतंत्र निधीत जाते. ती बँकेचा नफा होत नाही, आणि ठेवीदार किंवा त्याचा वारस केव्हाही आला तरी ती त्याला मिळते.

मग आम्ही बापलेकांनी माळ्यावरून १९४३ ची वही काढली. तिच्यात मिठाचा त्या वर्षीचा भाव बाजारवार लिहिलेला आहे. गिऱ्हाईक चिठ्ठी दाखवून बहुतेक वेळा मीठच नेई. तेव्हा ठरवले, की चिठ्ठी खात्याचे देणे आकड्यात दहा रुपये अठ्ठ्याऐंशी पैसेच राहील, पण चिठ्ठी आली तर वहीतल्या त्या भावाने जेवढे मीठ होईल, तेवढे मीठ किंवा त्याची आजची किंमत द्यायची. म्हाताऱ्या बाईच्या पदरात बापूजींनी जे न लिहिता घातले, ते आम्ही लिहून ठेवले. मुलाने संगणकात देण्यांच्या यादीत ते खाते घातले आणि त्याखाली ही टीप मराठीत लिहिली. दरवर्षी ताळेबंदावर सही करताना तो त्या ओळीवर बोट ठेवून मला दाखवतो आणि पान उलटतो.

आपल्या समाजातल्या कितीतरी पेढ्या तीन-चार पिढ्यांच्या आहेत. नोंदी संगणकावर गेल्या, की जुन्या वह्या रद्दीत जाण्याची घाई होते. वाचकांना एवढीच विनंती, की वह्या काढून टाकण्यापूर्वी त्यांची देणे बाजू एकदा सावकाश वाचावी. तिथे एखादी लहानशी बाकी अजून कुणाची वाट पाहत असेल.